मदत केली

गेल्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळपासून झड लागली होती, फुगलेली खिडकी नीट लागत नव्हती, आणि मी एका चरित्रलेखाचं परीक्षण करत बसले होते. मराठीतल्या ऑनलाइन ज्ञानकोशासाठी नोंदी लिहिणाऱ्या मुलामुलींचं काम आम्ही काहीजण तपासून देतो. पगार नाही, सक्ती नाही. ज्याला ज्या विषयाची गोडी त्यानं ती नोंद उचलायची. मी उचललेली नोंद हान्ना रीद या स्वीडिश पुरातत्त्वज्ञ बाईंची होती. लिहिणारी मुलगी सांगलीची, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिनं मनापासून मेहनत घेतलेली दिसत होती. जन्म १८९१, मृत्यू १९६४, पदव्या, पदं, पुस्तकं, सगळं ओळीनं आणि बरोबर. तिसऱ्या परिच्छेदात मात्र मी थबकले. ‘त्यांचे पती ब्रूर श्निट्गर हे नामवंत पुरातत्त्वज्ञ होते. हान्नाने त्यांना उत्खननात मदत केली.’ मी दुसरं वाक्य खोडलं आणि तिथे लिहिलं, ‘रीद यांनी उत्खननांचे नेतृत्व केले.’ एका बाईला तिची जागा मिळवून दिल्यासारखं वाटलं. दिवा मालवला आणि शांत झोपले. सकाळी उठून बघते तर त्या मुलीचा निरोप आलेला. ‘ताई, बदल आवडला. पण कुठल्या उत्खननाचं नेतृत्व? संदर्भ द्याल का?’

माझ्याकडे संदर्भ नव्हता.

चहा गॅसवर ठेवला होता तो उतू गेला, इतका वेळ मी त्या निरोपाकडे बघत उभी होते. गेली कितीतरी वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांपुढे कंसात ‘संदर्भ हवा’ असा शेरा टाकत आले आहे. कुणी म्हणतं अमुक किल्ला अमुक राजानं बांधला: संदर्भ हवा. कुणी म्हणतं हा देशातला पहिला छापखाना: संदर्भ हवा. आणि इथे मी स्वतःच एक निराधार वाक्य काढून त्याजागी दुसरं निराधार वाक्य बसवलं होतं. तिचं वाक्य सवयीतून आलं होतं, माझं रागातून, एवढाच काय तो फरक. राग रास्त होता, तो मला अजूनही रास्तच वाटतो. पण रागाला ज्ञानकोशात जागा नसते. तिथे एखादी गोष्ट कुणी केली, कधी केली आणि ती कुठे नोंदलेली आहे, एवढंच विचारतात. त्या मुलीनं तेच विचारलं होतं, तेही किती अदबीनं.

मग मी त्या नोंदीच्या मागे लागले. परीक्षणासाठी आठवडा पुरतो, मला दोन महिने लागले.

सुरुवात नावापासून. ‘रीद’ हे लिहायला सोपं आहे, पण स्वीडिश लोक त्यातला स्वर ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणावा तसा काढतात, आणि तो लिहायला आपल्याकडे अक्षरच नाही. मी ‘रीद’वरच थांबले. त्याहून अवघड प्रश्न पुढे होता. मराठीत एखाद्या माणसाबद्दल लिहायला बसलं की पहिल्याच वाक्यात त्याचा मान ठरवावा लागतो. तो की ते, ती की त्या. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. आपल्याला तो प्रत्येक क्रियापदाशी पडतो. आणि आपण तो कसा सोडवतो ते बघा. त्या नोंदीत नवरा ‘श्निट्गर हे’ होता आणि बायको ‘हान्नाने’. तो आडनावाचा आणि आदरार्थी, ती पाळण्यातल्या नावाची आणि एकवचनी. सांगलीच्या त्या मुलीनं हे ठरवून केलं नव्हतं. तिच्या हातून ते आपोआप उतरलं, जसं माझ्याही हातून कितीदा उतरलं असेल. मी सगळीकडे ‘रीद यांनी’ करत गेले. पण इथे, या लेखात, मला त्यांना हान्नाच म्हणावंसं वाटतंय. दोन महिने एखादीसोबत काढले की तिला अहोजाहो करणं जड जातं. ही जवळीक मात्र माझी खासगी. नोंदीत तिला जागा नाही.

शंका आली की मी आत्याकडे जाते. माझी आत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे. नोकरीची तीस वर्षं तिनं खापरं काढली. काढली म्हणजे जमिनीतून नव्हे, कागदावर. पुरातत्त्वाच्या एका संस्थेत रेखाटन विभागात ती होती. लहानपणी सुटीत मी तिच्या टेबलापाशी स्टुलावर बसून असे. आधी खापर धुऊन, वाळवून, शाईनं बारीक नंबर घातलेलं तिच्याकडे यायचं. भांड्याच्या काठाचा तुकडा असेल तर ती तो एकात एक वर्तुळं आखलेल्या कागदावर पालथा टेकवायची आणि हळूहळू सरकवत कुठल्या वर्तुळाशी जुळतो ते बघायची. तळहाताएवढ्या तुकड्यावरून अख्ख्या भांड्याचं तोंड किती रुंद होतं ते कळायचं. मग बारीक दातांचं एक साधन खापराच्या कडेला दाबून तिची वळणं उचलायची आणि कागदावर उतरवायची. एका बाजूला भांडं मधोमध कापल्यासारखा काळा भरीव छेद, दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप, मधे एक उभी रेघ. ट्रेसिंग पेपरवर शाई थोडी जरी फुटली तरी ब्लेडच्या टोकानं खरवडून ती जागा नखानं घोटायची. त्या खरवडण्याचा आवाज आणि ओल्या मातीचा तो वास, दोन्ही मला अजून आठवतं. अहवाल छापून आले की मी उत्सुकतेनं तिचं नाव शोधायची. शेवटी आभाराच्या पानावर एक ओळ असे: ‘रेखाटन विभागाने मदत केली.’

हे मला त्या श्रावणातल्या रात्री आठवलं नव्हतं. पण लेखणी उगाच नव्हती चालली, हे नंतर कळलं.

हान्नाचं आयुष्य उलगडायला लागलं तसं मला तिच्या तारखांचं आश्चर्य वाटायला लागलं. १९१९ साली तिनं उप्साला विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली; पुरातत्त्वात डॉक्टर झालेली ती स्वीडनमधली पहिली स्त्री. प्रबंधाचा विषय होता वायकिंग काळातले डबीसारखे ब्रूच. गोटलंड बेटावरच्या बायका अंगावरचं पांघरूण गळ्यापाशी अडकवायला हे गोल, आत पोकळ, वर नक्षी असलेले ब्रूच वापरत. चित्रं बघितली तेव्हा मला आजीची कुंकवाची डबीच आठवली. तर १९१९ मध्ये ही बाई डॉक्टर झाली, आणि स्वीडनच्या बायकांनी संसदेच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं १९२१ च्या सप्टेंबरात. सरकारी पदं स्त्रियांना खुली करणारा कायदा मंजूर झाला तो १९२३ मध्ये, लागू झाला १९२५ मध्ये. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या ब्रूचबद्दल विद्यापीठ तिचा शब्द प्रमाण मानत होतं, पण देश कुणी चालवावा याबद्दल तिला कुणी विचारत नव्हतं. नोंदीत हे सगळे सन होते, पण वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांची ओळख नसल्यासारखे. मी ते शेजारी शेजारी आणले. एकही शब्द वाढवला नाही.

१९२२ साली तिला विद्यापीठीय स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती फ्रान्समध्ये सँ-जर्मँ-आँ-लेच्या पुरावस्तू संग्रहालयात अभ्यासाला गेली. १९२४ मध्ये श्निट्गर वारले. पदरात दोन लहान मुलगे. १९२६ मध्ये तिचं उत्तरेच्या प्राचीन काळातल्या स्त्रीवरचं पुस्तक आलं. सामान्य वाचकांसाठी, सोप्या भाषेत लिहिणं तिनं कधी सोडलं नाही, आणि हे मला तिच्या प्रबंधाइतकंच मोलाचं वाटतं. १९२९ मध्ये तिनं पुन्हा लग्न केलं. हे दुसरे यजमान पुढे उत्तरेकडच्या जेम्तलँड प्रांताचे गव्हर्नर झाले. पुढे ती स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या फ्रेडरिका ब्रेमर संघटनेची अध्यक्ष झाली, १९४३-४४ मध्ये संसदेत बसली, १९४६ ते १९५२ स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीची अध्यक्ष राहिली. हे सगळं मी इथे भरभर सांगतेय, कारण नोंदीत ते आधीच ठीक होतं. पदं लिहिणं सोपं असतं. त्यांची कागदपत्रं असतात, सनावळ्या असतात. अवघड असतं ते मातीतलं काम लिहिणं.

त्या मातीपाशी मी एकदा जाऊन आले होते. तीन वर्षांपूर्वी भाचीकडे स्टॉकहोमला गेले होते तेव्हाची गोष्ट. सप्टेंबर संपत आलेला. एका रविवारी तिनं मला आडेलस्यू बेटावर नेलं. आधी बस, मग पिवळ्या रंगाची मोठी फेरीबोट. तिला तिकीट नाही. गाड्या, सायकली, माणसं सगळी तिच्यावर चढतात आणि पाच-दहा मिनिटांत पलीकडे उतरतात. मेलारन सरोवराचं पाणी त्या दिवशी शिशाच्या रंगाचं होतं. वायकिंग काळात ते आजच्यापेक्षा पाचेक मीटर वर होतं, असं भाची सांगत होती. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली ती जमीन अजून हळूहळू वर येतेय, आणि तेव्हाचे काठ आता गवतात, पाण्यापासून दूर पडलेत. समोर ब्योर्क्यू बेट, म्हणजे बिर्का, वायकिंगांचं व्यापारी गाव. तिथल्या वस्तीच्या थराला लोक ‘काळी माती’ म्हणतात. माणसांच्या राहण्यानं, राखेनं, केरानं काळी झालेली. मी तिथेच हसले आणि भाचीला सांगितलं की आपल्याकडे याच्या अगदी उलट. शेताची ती काळी, आणि जिथे जुनी वस्ती होऊन गेली ती पांढरी. दख्खनमधली उत्खननं झाली ती याच पांढरीच्या टेकाडांवर, आणि आत्याच्या टेबलावर येणारी खापरं याच पांढरीतून यायची. काळी काय आणि पांढरी काय, खालून निघते ती राखच.

आडेलस्यूवर दगडी चर्च आहे, राजांची म्हणतात ती मोठमोठी टेकाडं आहेत, आणि एक रूनशिळा आहे, म्हणजे रून या उत्तरेकडच्या जुन्या लिपीत कोरलेला दगड. अकराव्या शतकातली. ती मी बराच वेळ बघितली. रेघा लालसर रंगानं भरलेल्या, सापाच्या अंगावरून अक्षरं वळत गेलेली. मजकुराची सुरुवात आज्ञेनं होते: या रूनी उलगड. मग सांगितलंय की तोलिर या राजाच्या कारभाऱ्यानं त्या कोरवल्या. पुढे पुन्हा, तोलिर आणि ग्युल्ला, नवराबायको, या दोघांनी मिळून कोरवल्या. भाचीनं अर्थ वाचून दाखवला तेव्हा मला तो नुसता गोड वाटला होता. थंडी वाजत होती, भूक लागली होती. चर्चच्या जवळच एक टेकाड होतं, वर गवत, कडेला लाल फळांनी लगडलेलं झाड. त्याच्या पायथ्याशी वारा लागत नव्हता. आम्ही तिथे बसलो आणि डब्यातली लसणीची चटणी लावलेली पोळी खाल्ली.

त्या टेकाडाचं नाव स्कोपिनतुल. ते १९१७ मध्ये हान्ना रीदनं खणलं.

हे मला परीक्षणाच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. स्क्रीनवर टेकाडाचा फोटो आला आणि मी तो माझ्या फोनमधल्या फोटोशेजारी धरला. तेच ते. सव्वीस वर्षांची होती ती तेव्हा. आत जहाजासकट दहन केलेलं कुणी थोर माणूस. जळाल्यावर उरतात ती हाडं, लोखंडी खिळे. खिळ्यांवरून जहाज कळतं, जसं काठाच्या तुकड्यावरून भांडं. आडेलस्यूवरचं तिचं काम पुढे वाढत गेलं आणि १९३६ मध्ये त्या बेटावरच्या सगळ्या प्रागैतिहासिक शोधांचं तिचं पुस्तक निघालं. हा झाला संदर्भ. मला हवा होता तो, धडधडीत, सन-स्थळासकट. मी त्याच टेकाडाला टेकून पोळी खाल्ली होती आणि मला काही म्हणता काही माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. ते तिच्यासाठी होतं की आत्यासाठी, ते मात्र मी सांगू शकणार नाही.

मी लगेच सांगलीला निरोप धाडला: स्कोपिनतुल, १९१७. तिचं उत्तर आलं, ‘मस्त ताई! मग एवढंच लिहू का, की स्कोपिनतुल रीद यांनी खणलं? “नेतृत्व” कशाला?’

तिचं बरोबर होतं. पण मला ते लगेच पटलं नाही. ‘नेतृत्व केले’ हा शब्द सोडवत नव्हता. मनात असं होतं की इतकी वर्षं ‘मदत केली’ सोसल्यावर एखादा भारी शब्द हिच्या वाट्याला का येऊ नये? त्याच तिरीमिरीत मी आत्याकडे गेले. ती गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, आत्या, तुझ्यावर कुणी लिहिलं तर तुझ्या कामाबद्दल काय लिहायचं? संशोधनात मोलाचं योगदान दिलं, असं? ती हसली नाही, रागावलीही नाही. काड्या एका बाजूला करत म्हणाली, ‘खापरं काढली म्हण. योगदान कसलं? मी खापरं काढत होते. माझ्यासारखी कुणी काढत नव्हतं, तेही लिही हवं तर.’ आणि मग थोड्या वेळानं, ‘मदत नको म्हणूस मात्र. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. ते काम माझं होतं.’

घरी येऊन मी ‘नेतृत्व’ काढून टाकलं.

नंतरचे काही दिवस मी क्रियापदंच शोधत होते. खणलं, मोजलं, जुळवलं, लिहिलं, छापलं. ज्या ज्या ठिकाणी ‘योगदान’, ‘सहभाग’, ‘सहकार्य’, ‘मोलाचा वाटा’ होता, तिथे तिथे थांबून विचारलं, की नक्की काय केलं? अर्ध्याहून जास्त वेळा उत्तर सापडलं. ज्या वेळा सापडलं नाही त्या वेळा वाक्य गेलं. नोंद लहान झाली. सांगलीच्या मुलीला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तिनं लिहिलं, ‘आता ती बाई दिसते.’ ज्ञानकोशाचा विषय निघाला की मला शीलवतीबाई केतकरही आठवतात. मूळच्या एडिथ कोहन, ज्ञानकोशकारांच्या पत्नी. विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचा जर्मनमधून इंग्रजी अनुवाद त्यांनी केला आणि कलकत्ता विद्यापीठानं तो १९२७ पासून छापला. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर अनुवादक म्हणून ‘मिसेस एस. केतकर’ आहे. अनुवाद केला, असं स्पष्ट क्रियापद आहे, आणि तरी त्या एका ‘एस’मध्ये किती दडलंय.

हान्ना भारतात येऊन गेली होती हे नोंदीत एका ओळीत होतं. मला ती ओळ फार जवळची. १९५२ ते १९५४ या काळात तिच्या नेतृत्वाखालच्या स्वीडिश मोहिमेनं (इथे हा शब्द खरा आहे, आणि संदर्भासकट) राजस्थानात सुरतगडजवळ रंगमहाल इथलं टेकाड खणलं. घग्गरचं कोरडं पात्र, दोन्ही काठांवर गाडलेल्या वस्त्या. या भागात आधी तेस्सितोरी हा इटालियन फिरला होता. रंगमहालची त्यानं गोळा केलेली मातीची शिल्पं बिकानेरच्या संग्रहालयात आहेत, आणि तो स्वतः १९१९ मध्ये, बत्तिशी गाठायच्या आत, बिकानेरलाच वारला. त्याच वर्षी इकडे उप्सालात ही डॉक्टर झाली होती. तेतीस वर्षांनी एकसष्ट वर्षांची हान्ना त्याच टेकाडावर उभी राहिली. कुशाण राजांची नाणी निघाली, आणि निघाली ती लाल अंगावर काळी नक्षी असलेली भांडी, जिथे जिथे तशी सापडतात तिथे तिथे आज त्यांना या गावाच्याच नावानं ओळखतात. १९५९ मध्ये लुंडहून अहवाल आला.

तो अहवाल मी पुण्यात एका ग्रंथालयात बसून बघितला. मोठ्या आकाराचा, जड, कापडी पाठीचा. पानं उलटताना जुन्या कागदाचा कोरडा वास. आणि मग भांड्यांची पानं आली. एका बाजूला काळा भरीव छेद, दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप, मधे उभी रेघ. मी चष्मा काढून जवळून बघितलं. कुणाचा तरी हात होता तो; काठाशी रेघ जाड, पोटाशी बारीक, वळणावर किंचित थांबलेली. फोटो काढून आत्याला दाखवला. तिनं फोन हातभर लांब धरला आणि म्हणाली, ‘हात चांगला आहे.’ मग बोटानं मोठं करून, ‘इथे मात्र घाई केलीय.’ साठ-सत्तर वर्षांपूर्वीची एक घाई तिला दिसली. वाळवंटातला तंबू, वर तापलेलं कापड, कागदाला चिकटणारा घामेजला तळहात, असं सगळं माझ्या डोळ्यापुढे उभं राहिलं आणि मी ते नोंदीत लिहिलं नाही.

लिहावंसं फार वाटत होतं. टेकाड खणतात ते मजूर. पाटी डोक्यावर घेऊन उतरंडीवरून खाली जाणाऱ्या बायका, कुदळीचा घाव कधी हलका करायचा ते हाताला कळणारी माणसं. खापराचा आवाज आणि दगडाचा आवाज यांतला फरक पदवीधराच्या आधी त्यांना ऐकू येतो. आत्या सांगायची, नंबर टाकायच्या आधी खापरं घमेल्यात धुणाऱ्या बायका नुसत्या बोटांनी जुळणारे तुकडे बाजूला काढून ठेवायच्या. त्या काळच्या अहवालांत अशा हातांची नावं क्वचितच येतात. मी हान्नाला ‘मदत केली’मधून बाहेर काढण्यासाठी दोन महिने झटत होते, आणि माझ्या त्याच नोंदीत रंगमहाल ‘स्वीडिश मोहिमेनं’ खणलं होतं. ते वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे, संदर्भानं पक्कं आहे. पण त्या बायकांची पाटी त्याच्या आत कुठे आहे? शेवटी मी ‘स्थानिक मजुरांच्या हातून’ असं लिहून बघितलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग ठेवलं. हे तीन शब्द मला पुरेसे वाटत नाहीत.

आणखी एका गोष्टीनं छळलं. एलिझाबेथ आर्विल-नूर्डब्लाड या गोटेबोर्गच्या अभ्यासक बाईंनी हान्नावर लिहिलंय, आणि त्यांच्या मांडणीचा गाभाच एक विरोधाभास आहे. स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारी, संसार आणि संशोधन दोन्ही करणारी हान्ना एका बाजूला. प्राचीन काळाबद्दल लिहिताना बाई आणि पुरुष यांच्या ठरीव जागा फारशा न हलवणारी हान्ना दुसऱ्या बाजूला. हे वाचलं तेव्हा मला कुणीतरी माझ्या माणसाची तक्रार सांगतंय असं वाटलं. नोंदीत घ्यायला मन घेईना. वाचणारी एखादी कॉलेजातली मुलगी तिच्याकडे मान वर करून बघेल, तिला आपण लगेच हे का सांगायचं? दोन दिवस तो परिच्छेद मी बाहेर ठेवला. मग आत घेतला. हान्नाला ज्यानं ‘मदतनीस’ केलं तो हात आणि तिला निर्दोष करणारा माझा हात, दोन्ही तिच्यावर तीच जबरदस्ती करत होते. ती हाडामांसाची होती, तिच्या काळात वाढली होती. स्वीडनमध्ये २०१८ साली गोटेबोर्ग विद्यापीठानं हजार स्त्रियांचा ऑनलाइन चरित्रकोश आणला. त्या कामाच्या बातम्या वाचताना मी नेहमी मनात म्हणायचे, किती भाग्याचं काम. आता कळतं, तिथल्याही कुणाकुणाला असे परिच्छेद दोन-दोन दिवस बाहेर ठेवावे लागले असतील.

राहता राहिली गुहा. श्निट्गर आणि हान्ना यांच्या कामाचा जिथे खरोखर गुंता आहे अशी जागा. गोटलंडच्या पश्चिमेला स्टोरा कार्लस्यू नावाचं छोटं बेट आहे, कड्यांवर समुद्रपक्ष्यांची दाटी. तिथल्या स्टोरा फेरवार या गुहेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला उत्खनन झालं होतं. अश्मयुगातली माणसं, त्यांनी खाल्लेल्या सीलची हाडं, राखेचे थरांवर थर. अलीकडे याच गुहेतल्या, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या हाडातून तिचा जवळपास संपूर्ण जनुकक्रम वाचला गेला. खणलं दुसऱ्यांनी, पण तो सगळा पसारा लावून त्यावर लिहायचं काम श्निट्गरनी घेतलं होतं. ते पुरं व्हायच्या आत ते गेले. ग्रंथ निघाला १९४०मध्ये. मध्ये सोळा वर्षं. तेवढ्यात हान्नाचं दुसरं लग्न झालं होतं, मुलं मोठी झाली होती, ती संघटनेची अध्यक्ष होती, आडेलस्यूचं पुस्तक येऊन गेलं होतं, बाहेर युद्ध सुरू होतं. तिनं ते काम पुरं केलं. ग्रंथावर लेखक दोन: आधी ब्रूर श्निट्गर, मग हान्ना रीद.

त्या दोन नावांकडे मी किती वेळ बघत होते. आडेलस्यूच्या शिळेवर आधी तोलिर, मग ग्युल्ला. कोरवल्या, हे एकच क्रियापद दोघांना. सोळा वर्षं दुसऱ्याच्या टिपणांशी, दुसऱ्याच्या हस्ताक्षराशी, गेलेल्या माणसाच्या अर्ध्या राहिलेल्या वाक्यांशी बसणं म्हणजे काय असेल? याला काय म्हणायचं? इथे मात्र, मला वाटलं, ‘मदत’ हा शब्द चालला असता. मदत दुसऱ्याच्या कामात करतात, आत्या म्हणाली होती. हे दुसऱ्याचं काम होतं. पण ती ज्याला मदत करत होती तो माणूस ती घ्यायला नव्हता.

परीक्षणाच्या शेवटच्या दिवशी नवरात्र सुरू झालं होतं. पाऊस गेला होता, खिडकी पुन्हा नीट लागत होती. सांगलीच्या मुलीनं शेवटचा मसुदा पाठवला. गुहेचा परिच्छेद तिनं स्वतः लिहिला होता. मी त्याला हात लावला नव्हता. ‘श्निट्गर यांच्या निधनानंतर सोळा वर्षांनी, १९४० मध्ये, रीद यांनी हा ग्रंथ पूर्ण करून प्रसिद्ध केला, त्यांचे नाव आपल्या नावाआधी ठेवून.’ खाली तिचा प्रश्न होता: ‘ताई, शेवटचे शब्द ठेवू का? की ते भावनिक होतंय?’

मी ग्रंथाच्या मुखपृष्ठाचं चित्र पुन्हा उघडलं. नावं तशीच होती, एकाखाली एक. मग उत्तर लिहिलं.

‘ठेव. संदर्भ आहे.’